टरफलं कुणी उचलायची?

रमजानचा शेवटचा अशरा लागला की कुर्ला पश्चिमेचा बाजार रात्री झोपतच नाही. कपडे, चपला, बांगड्या, अत्तर यांच्या जोडीला सुक्या मेव्याच्या हातगाड्या उभ्या राहतात. खारीक, चारोळी, मनुका, काजूचे तुकडे एका बाजूला आणि टरफलासकट बदाम, अक्रोड, पिस्ते दुसऱ्या बाजूला. आमच्यासारखी पगारदार माणसं गाडीपाशी थांबून मनातल्या मनात हिशेब करतात. सोललेला पिस्ता मागितला तर पाव किलोतच हात आखडतो. म्हणून शीर खुर्म्यासाठी बिनमिठाचा आणि पाहुण्यांच्या वाटीत ठेवायला खारा, असे दोन्ही पिस्ते टरफलासकटच घ्यायचे आणि घरी मुलांना सोलायला बसवायचं, हा बहुतेक घरांचा रिवाज. कधी सवड मिळालीच तर मशीद बंदरला जाऊन घाऊक भावात आणायचं, पण तेही टरफलाचंच.

एका वर्षी चाँदरातीला आमच्या धाकट्यानं स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि सोललेल्या मालाचं नि टरफलांचं वजन वेगवेगळं करून पाहिलं. पिस्त्यात जवळजवळ निम्मं वजन टरफलाचं निघालं. अक्रोडात निम्म्याहूनही जास्त. बदामाचं, तो कागदी आहे की जाड कवचाचा, यावर ठरतं. भुईमुगाच्या शेंगेत सगळ्यात कमी, पाव हिस्सा किंवा थोडं वर. थोडक्यात, मोजून पैसे देऊन जे आपण वर चढवून आणतो त्यातला बराचसा भाग ईदच्या दुसऱ्या दिवशी खाली कचऱ्यात जातो. आजचं बोलणं त्या भागाबद्दल आहे.

आम्ही शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना एक गंमत नेहमी होते. त्यांच्या घरच्या बोलीत केळ्याचा छिलका, कांद्याचा छिलका, पिस्त्याचाही छिलका. मराठीत मात्र केळ्याची साल, शेंगेचं टरफल, नारळाची करवंटी, उसाचं चिपाड, भाताचं तूस, गव्हाचा कोंडा, आंब्याची कोय, फणसाची आठळी. मुलं वैतागून विचारतात, एवढे शब्द कशाला? आम्ही सांगतो, ज्या वस्तूचं लोकांना काम पडतं तिला स्वतंत्र नाव मिळतं. तुसाचं काम वेगळं, चिपाडाचं वेगळं, करवंटीचं वेगळं. उर्दूनेही ‘आम के आम, गुठलियों के दाम’ म्हणून कोयीची किंमत राखलीच आहे.

करवंटीची तर दोन्ही भाषांत मोठी गोष्ट आहे. मराठीत हातात करवंटी येणं म्हणजे भिकेला लागणं. इकडे फकिरांचा कशकोल, जो आपण चित्रांत पाहतो, तो पूर्वी दर्याई नारळाच्या कवचाचा बनवत. हा नारळ सेशेल्स बेटांवर होतो आणि समुद्रातून वाहत किनाऱ्यांना लागायचा. नारळाला फारसीत नारगील म्हणतात. नारळाच्या कवचात पाणी भरून त्यावर हुक्का ओढत, म्हणून पश्चिम आशियात हुक्क्याचंच नाव नर्गिला पडलं. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो त्यानं कुणाचं पोट भरलं आणि कुणाची मैफल सजवली.

पण टरफलाचा मराठीतला सगळ्यात मोठा धडा वेगळाच आहे आणि तो प्रत्येक मराठी शाळेत पोचलेला आहे. वर्गात शेंगांची टरफलं पडली होती, गुरुजींनी सगळ्यांना उचलायला सांगितली आणि लहानग्या टिळकांनी आपण शेंगा खाल्ल्याच नाहीत म्हणून टरफलं उचलायला नकार दिला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. दर वर्षी 1 ऑगस्टला कुणीतरी मुलगा फेटा बांधून हे भाषण करतोच. आमच्या वर्गात एकदा ही गोष्ट सांगून झाल्यावर सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, “टीचर, तो फिर छिलके उठाए किसने?”

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षं ही गोष्ट शिकवतो, पण हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. गोष्टीत त्याचं उत्तर नाही. अन्यायाची शिक्षा सोसायची नाही हा बाणा गोष्टीत आहे आणि तो खराच आहे. पण टरफलं काही आपोआप नाहीशी होत नाहीत. कुणीतरी ती उचललीच असणार, आणि त्यानं शेंगा खाल्ल्या होत्या की नाही हे कुणी विचारलं नसणार.

आमच्या इमारतीत रोज सकाळी कचरा न्यायला एक मावशी येतात. चार मजले, सोळा घरं. एका ईदनंतरच्या सकाळी त्यांच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं दिसलं. कुठल्याशा मजल्यावरच्या पिशवीत फुटकी करवंटी होती, तिची कड पिशवीतून बाहेर आली आणि बोट चिरलं. कुणाची पिशवी ते कळायला मार्ग नव्हता आणि त्यांनी विचारलंही नाही. आमच्या अम्मींनी हळद आणली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “खोबरं तुम्ही खावा हो, पण करवंटी कागदात गुंडाळून द्या. हातमोजा फाटतो, बोट काय टिकणार?” पुढचे चार दिवस त्या एकाच हातानं काम करत होत्या. सुट्टी घेतली असती तर त्या दिवसाचे पैसे बुडाले असते.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आमच्या दारातच उभं होतं. ज्यांनी शेंगा खाल्ल्या नाहीत ते रोज आपली टरफलं उचलतात. तेव्हापासून आमच्या घरात एक साधा नियम झाला. जे आपण खाल्लं त्याच्या टरफलाची जबाबदारीही आपली. जेवढं घरातच कामाला लागेल तेवढं लावायचं, उरलेलं कुणाला इजा होणार नाही अशा रीतीनं द्यायचं. इस्राफ टाळा असं आपण पाण्याबद्दल आणि अन्नाबद्दल मुलांना सांगतोच. ते टरफलापर्यंत न्यायला काय हरकत आहे?

अम्मींना यात नवल वाटलं नाही. त्या श्रीवर्धनकडच्या. तिकडच्या घरी कचऱ्याचा डबा असा नव्हताच, असं त्या सांगतात. नारळ सोलला की काथ्या भांडी घासायला, करवंटी चुलीत किंवा पाण्याच्या बंबात. चांगली गोल करवंटी मिळाली तर तिला बांबूची दांडी बसवून डवला. आमटी ढवळायला तो लोखंडी पळीपेक्षा बरा, भांड्याला ओरखडे पडत नाहीत. बदामाची टरफलं जाळून, त्या कोळशात मीठ आणि थोडी तुरटी कुटून मंजन. उरलीसुरली राख पुन्हा वाडीत, माडाच्या आळ्यात.

पण तिथं चूल होती आणि वाडी होती. पाइप रोडच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांत चूल नाही आणि वाडी म्हणजे गॅलरीतल्या जाळीवर मांडलेल्या अकरा कुंड्या. त्यात पुदिना, कढीपत्ता, कोरफड, मोगरा, एक मिरची आणि अम्मींची मेंदी. त्यामुळे गावाकडचं सगळं जसंच्या तसं इथं उचलून आणता येत नाही. काय चालतं, काय चालत नाही, हे आम्हांला करून पाहावं लागलं.

सगळ्यात सोपी शेंगांची टरफलं. पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा, थंडीत भाजलेल्या, आणि हार्बरच्या गाडीत कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या तर बारा महिने. ही टरफलं हलकी, सच्छिद्र आणि लवकर मऊ होणारी. हातानं चुरडून कुंडीच्या मातीवर दोन बोटं जाडीचा थर दिला की उन्हाळ्यात माती सुकत नाही. मार्चमध्ये आम्ही वर्गाच्या खिडकीत हे मुलांना करून दाखवलं. दोन सारख्या कुंड्या, दोन्हींत मेथी, शुक्रवारी दोन्हींना मोजून एकेक ग्लास पाणी. सोमवारी उघड्या कुंडीला भेगा पडल्या होत्या आणि टरफलांच्या कुंडीत बोट घातलं तर ओल लागत होती. विज्ञानाच्या पुस्तकातलं बाष्पीभवन मुलांना त्या दिवशी खरं कळलं.

एक मात्र सांभाळायचं. ही टरफलं मातीवर पसरायची, मातीत कालवायची नाहीत. कच्ची टरफलं मातीत कुजू लागली की ती कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपाची पानं पिवळी पडतात. खारवलेल्या शेंगांची टरफलं नकोत, आणि काळी-हिरवी बुरशी आलेली तर मुळीच नकोत.

घरात खताचा माठ किंवा बादली असेल तर तिथंही शेंगांचं टरफल फार उपयोगी. भाजीचा पाला, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सगळं पाणी सोडतं, मग वास येतो, चिलटं होतात आणि शेजारी तक्रार करतात. अशा प्रत्येक थरावर मूठ-दोन मूठ चुरडलेली टरफलं टाकली की ती पाणी शोषतात, हवा खेळती ठेवतात आणि वास राहत नाही. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं हे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या लोकांनी दाखवून दिलं आहे. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर नेऊन त्यांनी फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. त्यामागचा विचार बराचसा श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा. दाभोळकर गणिताचे शिक्षक होते. शेती ही प्रयोगवहीसारखी करा, ऊन, पाला, कचरा यांचा हिशेब मांडा, हे त्यांनी कोल्हापूरपासून मुंबईपर्यंतच्या साध्या माणसांना शिकवलं. आमच्या पेशातल्या माणसाचं हे काम म्हणून आम्हांला त्याचा जास्तच अभिमान.

पिस्त्याचं टरफल अगदी वेगळं. ते वर्षानुवर्षं कुजत नाही. खताच्या बादलीत टाकलं तर खत तयार झाल्यावर जसंच्या तसं हाती येतं. म्हणून त्याच्याकडून खताचं नाही, टिकाऊपणाचं काम घ्यावं. खारे पिस्ते असतील तर टरफलं रात्रभर पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला आणि कडक उन्हात वाळवा. मिठाचा अंश राहिला तर रोप जळतं. मग कुंडीच्या तळाच्या भोकावर तीन-चार टरफलं उपडी ठेवली की पाणी जातं आणि माती वाहून जात नाही. आणि कुर्ल्यात ज्याचा त्रास घरोघर आहे त्यावरही ती उपयोगी आहेत. ती म्हणजे मांजरं. मांजर आपल्या सगळ्यांचंच लाडकं, पण मोकळी माती दिसली की ते उकरून विधी उरकणारच. पुदिन्याच्या कुंडीत हे झालं तर चटणीचं काय करायचं? मातीवर पिस्त्याच्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा दाट थर दिला की पंजांना टोचतं, उकरायला जागा मिळत नाही आणि मांजर दुसरीकडे जातं. आमच्याकडे दोन वर्षं झाली, पुदिना सुरक्षित आहे. या टरफलांच्या धारेनं गोगलगायी अडतात असंही सांगतात. आमच्या कुंड्यांवर मात्र त्या पावसाळ्यात आरामात चढल्या, तेव्हा तो भरवसा धरू नका.

बदामाच्या टरफलाच्या मंजनाची आमच्या घरात मोठी चर्चा झाली. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोळशाची भरड पूड रोज घासली तर दातांवरचा चकचकीत थर झिजतो, आणि तो पुन्हा येत नाही. अम्मी म्हणाल्या, “आमचे दात काय पडले काय?” त्यांचे दात खरोखर शाबूत आहेत. तेव्हा त्यांचं मंजन त्यांच्यापाशी राहिलं आणि मुलांच्या हातात ब्रशच राहिला. जुनं म्हणून सगळं घ्यायचं नाही आणि सगळं टाकायचंही नाही, एवढाच त्यातला धडा.

आता नारळ. करवंटीत रोप लावून गॅलरीत टांगायचं हे मोबाइलवर हल्ली फार दिसतं आणि दिसायला सुंदरही असतं. पण इथं आम्ही हात जोडून एक गोष्ट सांगतो. मागच्या एका पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा डेंग्यूनं आजारी पडला. आठवडाभर दवाखान्यात होता, प्लेटलेट्स उतरत होत्या, त्याची आई रात्र-रात्र बाकावर बसून काढत होती. अल्लाच्या मेहेरबानीनं तो बरा झाला. पुढे पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं त्यांच्या इमारतीत तपासणीला आली तेव्हा त्याच मजल्यावरच्या एका गॅलरीत टांगलेल्या करवंट्यांमध्ये डासांच्या अळ्या सापडल्या. कुणीतरी हौसेनं केलेली बाग होती ती. रोपं मरून गेली होती, करवंट्या राहिल्या होत्या आणि त्यांना तळाला भोक नव्हतं.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. चार चमचे पाणीही त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की पुन्हा जिवंत होतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, आतली बाजू घासावी लागते. पालिका दर पावसाळ्यात टायर आणि करवंट्या काढून टाका म्हणून सांगते ते उगाच नाही.

म्हणून करवंटीत रोप लावायचंच असेल तर आधी भोक. नारळाला तीन डोळे असतात. त्यातला एकच मऊ असतो, त्यातूनच कोंब बाहेर येतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या, तो मऊ डोळा खिळ्यानं किंवा पेचकसानं आरपार मोकळा करा. मुलंही सहज करतील. वरची बिनडोळ्याची वाटी हवी असेल तर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. तसं शक्य नसेल तर ती टांगू नका. रोप मेलं तर करवंटी त्याच दिवशी उपडी करून ठेवा. आणि आठवड्यातून एक दिवस, आमच्याकडे शुक्रवार, कुंड्यांखालच्या बशा, करवंट्या, फ्रीजमागचं ताट, सगळं कोरडं करून घासायचं. हे जमणार नसेल तर करवंटीची बाग न केलेलीच बरी.

काजूबद्दल एक ताकीद. आपल्याला बाजारात काजूगर सोललेलाच मिळतो, पण मे महिन्यात कोकणात गेलेली मुलं काजूच्या बिया खिशात भरून आणतात. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असतं, टरफलाच्या वजनाच्या पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. कातडीला लागलं तर फोड येतात. निखाऱ्यावर बिया भाजताना ते उडतं. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर काढून विकणाऱ्या बायकांची बोटं पाहा, काळी पडून सोललेली असतात. काजू, आंबा, बिबा, पिस्ता आणि शीर खुर्म्यातली चारोळी हे सगळं एकाच कुळातलं आहे. बिब्याच्या रसानं पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करत, तो डाग कधीच जात नसे, आणि तोच रस अंगावर उततो. आंब्याचा चीकही त्याच जातीचा. तेव्हा काजूची टरफलं ना कुंडीत, ना खतात, ना शेगडीत. कारखान्यांत मात्र याच तेलाला किंमत आहे. गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर, रंग आणि वॉर्निश यांत ते जातं, आणि किनाऱ्यावर लाकडी होड्यांना पाण्यापासून वाचवायला ते लावत आले आहेत.

आणि जाळण्याबद्दल. सुकी टरफलं छान पेटतात हे खरं, पण आपल्या चिकटून उभ्या असलेल्या इमारतींत गॅलरीत किंवा गच्चीवर ती जाळू नयेत. एका घराचा धूर दहा घरांच्या छातीत जातो. जानेवारी 2016 च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली होती. गोवंडी, चेंबूर आणि आपल्या कुर्ल्यापर्यंत सगळीकडे धूर भरला होता आणि त्या भागातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. दम्याची मुलं ज्या घरात आहेत त्यांना ते दिवस विसरता येणार नाहीत. देवनारला 1927 पासून या शहराचा कचरा पडतो आहे. आपण जे खाली पाठवतो ते नाहीसं होत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातं, हे आपल्या भागातल्या माणसांनी तरी विसरू नये.

घरात जे जमत नाही ते मोठ्या प्रमाणावर होतं, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. भुईमुगाची टरफलं कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये कोंबड्यांखाली गादीसारखी पसरतात, आणि दाबून त्यांच्या विटा केल्या की त्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जळतात. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जो काळा कोळसा असतो तो बहुधा नारळाच्या करवंटीचाच असतो. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाण्यातला वास आणि क्लोरीन अडकून राहतं. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये ईप्रच्या लढाईत विषारी वायू सोडला गेला आणि सैनिकांना मुखवट्यांची गरज पडली. त्या मुखवट्यांतला कोळसा सर्वांत चांगला करवंटीचा आणि कठीण कवचांचा होत असे. म्हणून 1918 मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांनी पीचच्या कोयी आणि अक्रोडाची टरफलं दारोदार फिरून गोळा केली. एवढ्याशा टरफलानं कुणाचा तरी श्वास वाचवला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

शेवटी उरतं ते द्यायचं कसं, हा प्रश्न. आमच्या मोठ्या मुलीनं एकदा विचारलं, “टरफल तर सुकं असतं, मग ते ओल्या कचऱ्यात कसं?” प्रश्न बरोबर आहे, गोंधळ नावामुळे होतो. घनकचरा नियमांप्रमाणे प्रत्येक घरानं ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा आहे. त्यात ओला म्हणजे भिजलेला नव्हे, कुजणारा. म्हणून पिस्त्याचं खडखडीत टरफल आणि वाळलेली करवंटीसुद्धा ओल्यातच. प्लॅस्टिक, काच, धातू सुक्यात. टरफलं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिली तर दोन्ही वाया जातं, ना खत होतं ना पिशवी परत वापरता येते.

आम्ही हे असं करतो. मोरीजवळ पिठाचा एक जुना डबा ठेवला आहे. त्यात फक्त टरफलं, धुऊन वाळवलेली. डबा भरला की कुंड्यांना लागतील तेवढी काढतो, उरलेली रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेवाले चाचा घेऊन जातात. फुटकी करवंटी, अक्रोडाची धारदार कवचं आधी फडक्यात घालून वरवंट्यानं बारीक करायची आणि वर्तमानपत्राच्या दोन पदरांत गुंडाळून ओल्या डब्यात. मावशींना वरून कळावं म्हणून कागदावर पेनानं फुली. त्यांना वाचता येत नाही, पण फुली कळते. एकापेक्षा जास्त डबे साठवायचे नाहीत असंही ठरवलं आहे. पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून दोन खोल्यांत टरफलं साठवली तर झुरळं आणि उंदीर होतात, मग घर आपलं राहत नाही.

हे सगळं मिळून रोजचे पाच मिनिटं. खर्च काही नाही. येत्या ईदला पिस्ते सोलायला बसाल तेव्हा बाजूला एक रिकामा डबा ठेवा आणि सोलणाऱ्या मुलांनाच त्याची जबाबदारी द्या. ईदीबरोबर हीसुद्धा सवय त्यांच्या हाती लागू द्या. आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत. त्यांपैकी पाच घरं आता करवंटी गुंडाळून, फुली मारून देतात. मावशी म्हणतात, तिसऱ्या मजल्यावरही बोलून बघा. या ईदला शीर खुर्म्याची वाटी घेऊन आम्ही तिकडे जाणारच आहोत, तेव्हा हा विषयही काढू.